हात करणारे वामनकाका

वामनकाका नसते तर मी जर्मनी पाहिली नसती, हे आधीच सांगून टाकतो. ब्याण्णव-त्र्याण्णवची गोष्ट. सिल्वासातल्या आमच्या कंपनीनं सुताचं नवं मशीन घेतलं. ते शिकायला फिटर म्हणून काकांना जर्मनीला पाठवायचं ठरलं, तर ते साहेबांसमोर अडून बसले. "हेल्पर माझाच येणार. नाहीतर मशीनला म्हणा, तूच इकडं येऊन शिकव." हेल्पर म्हणजे मी. साक्रीकडचा, सातवीतून शाळा सोडलेला.

आता काकांचं वेड. रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येक गाडीला ते हात करतात. पाळी सुटली की किलवणी रोडच्या नाक्यावर उभे. बस थांबते, कंडक्टर दार उघडतो, "काका, बेसवुं छे?"

"नाही भाई, तुम्ही चला. सुखरूप जा!"

टेम्पोवाले तर उतरून शिव्या देत. एक रिक्षावाला रोज विचारायचा, "काका, मगज ठेकाणे छे के?" काका त्यालाही हात करायचे. इतक्या वर्षांत उलट हात म्हणून कुणी केला नव्हता. "करतील रे," काका म्हणायचे. "घाईत असतात बिचारे."

विमानात बसण्याआधीच आमच्याबरोबर येणाऱ्या पुण्याच्या देशमुखसाहेबांनी बजावलं, "वामनराव, तिथं हातवारे नकोत. कंपनीची अब्रू आहे." काकांनी दोन्ही हात पँटच्या खिशात घातले. जेवायला आणि मशीनवर तेवढे बाहेर काढायचे. आठवड्यात माणूस सुकला. मला धास्ती, हे आजारी पडले तर मी काय करू? मला तिथं पाणीसुद्धा मागता येत नव्हतं.

रविवारी साहेबांनी आम्हाला र्‍हाइन नदीवर बोटीतून फिरायला नेलं. पांढरी दुमजली बोट, वर खुर्च्या मांडलेल्या, आणि चाल अशी निवांत की काठावरचा सायकलवाला पुढं निघून जायचा. डोंगरउतारावर द्राक्षांचे मळे, वळणावळणाला किल्ला. साहेब कॅमेऱ्याचा रोल जपून वापरत होते. काका खिशात हात घालून किल्ल्यांना नुसती मान डोलवत होते.

समोरून मालाची एक लांबलचक बोट आली. तिच्यावर एक जाडजूड म्हातारी दोरीवर कपडे वाळत घालत होती. तिनं आमच्याकडे पाहिलं, ओला टॉवेल खांद्यावर टाकला आणि हात केला. थेट काकांना.

काका ताडकन उठले. "साहेब! पाहिलंत ना? सुरुवात तिनं केली!"

मी काकांची बाही ओढली. गेली दोघांची नोकरी, म्हटलं. साहेबांनी कॅमेरा खाली घेतला. "मग उत्तर द्या की, वामनराव. बाईमाणूस ताटकळलंय."

सुटले दोन्ही हात! म्हातारीला, तिच्या चादरींना, सायकलवाल्यांना, तंबूतल्या पोरांना. आणि काय सांगू, अख्खा काठ हात करायला लागला. मळ्यातून हात, आगगाडीच्या खिडकीतून हात. काका ओरडतायत, "सुखरूप जा! सुखरूप राहा!" बोटीवरच्या गोऱ्या आज्या उठून उभ्या राहिल्या. शेवटी देशमुखसाहेबही रुमाल हलवत होते.

उतरल्यावर काका काठावरच्या बाकावर बसले.

"काका, जिंकलात!" मी म्हटलं.

"मी सिल्वासाला आलो ना," ते म्हणाले, "तेव्हा बसमधून उतरून ट्रंकेजवळ अंधार पडेपर्यंत उभा होतो. घ्यायला कुणी येणार नाही, हे ठाऊक होतं रे. तरी उभा होतो. अजून येतात तशी पोरं, खिडकीतून बघत. त्यांना वाटावं, कुणीतरी आहे आपलं इथं."

काकांना मागंपुढं कुणी नाही. दिवाळीतही ते खोलीवरच असतात. पण एका दिवाळीला मी त्यांना माझ्या गावी नेणार आहे. ते एसटीतून उतरतील तेव्हा आमचं सगळं घर फाट्यावर उभं असेल. आई सगळ्यांत पुढं. एवढं तरी मी फेडणारच.