भरतीची गाणी

आमच्या समुद्रपुरात थूलबाबूंच्या घरी गेलेल्या माणसाला चहा मिळतो, पण कॅसेटची बाजू संपल्यावर. मध्ये उठायचं नाही, बोलायचं नाही आणि "ते दुसरं गाणं लावा ना" असं तर मुळीच म्हणायचं नाही. यापायी एकदा माझी हिंगणघाटची बस सुटली. मी कुरकुरलो तर म्हणाले, "बस मागून दुसरी येते सर. ह्या बाजूचं शेवटचं गानं कोन ऐकते?"

थूलबाबू म्हणजे पंचायत समितीतून निवृत्त झालेले कारकून आणि माझे भिंतीला भिंत लागून असलेले शेजारी. त्यांचं तत्त्व एकच. कॅसेट विकत घेतली की तिची पै न् पै वसूल झाली पाहिजे. एका कॅसेटमध्ये गाजलेली गाणी दोन आणि बाकीची भरतीची, हे साऱ्या जगाला ठाऊक आहे. जग ती दोन ऐकतं आणि कंपनीने फसवलं म्हणून ओरडतं. थूलबाबूंना हे मंजूर नाही. "किलोभर वांगे घेतले तं बारके वांगे फेकून देता का तुमी? भाजीत टाकताच ना, बाप्पा!" म्हणून ते भरतीची गाणीच जास्त ऐकतात. "गाजलेल्याले ऐकाले गाव आहे. ह्या बिचाऱ्याले मी एकटा." गाणी संपून नुसती फीत खरखरत फिरते, तीही ते मान डोलावत ऐकतात. तिचेही पैसे दिलेले असतात.

गिऱ्हाईक मात्र आंधळं नाही. हिंगणघाटच्या दुकानात त्यांनी घातलेला वाद माझ्यासमोरचा आहे. एका कॅसेटमध्ये एकच गाणं तीनदा निघालं होतं. "एकदा बाई म्हनते, एकदा बुवा म्हनते, मंग दोघं मिळून रडत रडत म्हनते. गानं एक अन् पैसे तिनाचे काऊन?" दुकानदार हात जोडून म्हणाला, "बाबूजी, गाना मैंने थोडी गाया है?" शेवटी त्याने जुनं कॅलेंडर देऊन सुटका करून घेतली. घरी येऊन थूलबाबूंनी ते गाणं तिन्ही वेळा ऐकलं.

त्यांच्या कपाटात बहुतेक कॅसेटी बायकांनी गायलेल्या. त्यावरून आम्ही शेजारी त्यांची यथेच्छ थट्टा करायचो. जगाच्या बोलण्याचं त्यांना काही नव्हतं. पण त्यांची एकुलती एक मुलगी प्रज्ञा पुण्याला नोकरी करते. ती सुट्टीत आली की कपाट उघडून म्हणायची, "बाबा, किती पैसे वाया घातले तुमी!" हे मात्र त्यांना फार लागायचं. पोरीने एकदा तरी म्हणावं की पैसे कारणी लागले, एवढीच त्यांची इच्छा होती.

यंदाच्या उन्हाळ्यात त्यांचा टेप बंद पडला. दुरुस्त करणारा कुठे उरलाय? प्रज्ञाने येताना लहानसा स्पीकर आणला, फोनला जोडला आणि म्हणाली, "आता सांगा, कोनतं पायजे? सगळं आहे याच्यात, अन् फुकट!" थूलबाबूंनी मला डोळा मारला आणि परीक्षा सुरू केली. भरतीची गाणी फोनात कोण ठेवतो, अशी त्यांची खात्री होती. पहिलं सापडलं. दुसरं सापडलं. मग त्यांनी अगदी ठेवणीतलं काढलं, एका आपटलेल्या सिनेमातलं, हळद दळणाऱ्या बायकांचं. तेही वाजायला लागलं, आणि खरखरीशिवाय.

थूलबाबूंचा चेहरा पार उतरला. प्रज्ञा भाजी फोडणीला टाकायला आत गेली तसे हळूच म्हणाले, "सर, मंग म्या जनमभर पैसे काऊन घातले?"

मी जन्मभर मास्तरकी केलेला, सवयीने म्हणालो, "प्रश्न चांगला आहे."

एवढ्यात ते गाणं संपलं आणि फोनने आपल्या मनाने भलतंच काही सुरू केलं. स्वयंपाकघरातून मात्र वेगळाच सूर येऊ लागला. प्रज्ञा गात होती. कॅसेटमध्ये त्या गाण्यानंतर जे येतं ते, भरतीचंच. एका ओळीवर ती अडखळली, तेच शब्द पुन्हा घेतले आणि पुढे गेली.

"तिथं फीत गुतली होती," थूलबाबू पुटपुटले. "पोरगी शाळेत होती तवा."

प्रज्ञा कलथा घेऊन दारात आली. "बंद करा ना ते. ह्याच्यानंतर हे नाई येत."

"तुले पाठ आहे?"

"सगळ्याच कॅसेटी आहेत बाबा. दोन्ही बाजू."

थूलबाबू तिच्याकडे बघेनात, माझ्याकडे वळून बोलू लागले. "हिची माय गेली तवा हे तीन वर्साची होती सर. मले ना अंगाई येत, ना गोष्ट. घरात एखांद्या बाईचा आवाज असावा, म्हनून कॅसेटी आनत गेलो. बाजू संपेपर्यंत झोपून जाये. मधात बंद केलं तं उठे."

आम्ही इतकी थट्टा केली, पण भिंतीपलीकडच्या ह्या गोष्टीचा मला पत्ता नव्हता. प्रज्ञालाही हे आजच कळत होतं. ती येऊन त्यांच्या खुर्चीच्या हातावर बसली आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "मंग वाया कसे गेले, बाबा?"

थूलबाबूंनी तोंड फिरवलं. "जाय, भाजी लागून राह्यली पाह्य."

भाजी काही लागलेली नव्हती. पण पोरीसमोर डोळे कसे पुसायचे? आणि पोरगी तर जागची हलेना. शेवटी भाजी खरोखरच लागली, आणि आम्ही तिघांनी ती मोठ्या आवडीने खाल्ली.