प्रगतीचा तुलनात्मक तक्ता

मुलाला वाचता येतं की नाही, हे नुसतं त्याच्या आईला कळून भागत नाही. ते तक्त्यात यावं लागतं. म्हणून भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांतल्या जिल्हा परिषदेच्या शाळांची तुलना करायचं ठरलं. शेजाऱ्याची पोरं किती मागे आहेत हे समजल्याशिवाय आपली किती पुढे आहेत ते समजत नाही, एवढं आम्हा भोरकरांना जन्मतःच ठाऊक असतं.

काम केंद्रप्रमुख दीनानाथ यांच्याकडे आलं. ते स्वतः दहावीला गणितात दोनदा राहिले होते, त्यामुळे आकड्यांपुढे त्यांची मान आपोआप झुकत असे. (ही गोष्ट ते चारचौघांत स्वतःच सांगत, म्हणजे पत्नी सुलूताईंना सांगायला उरत नसे.)

तक्त्यात सत्तावीस रकाने होते. कुंडीतल्या रोपांची संख्यासुद्धा होती. सगळं भरून झालं आणि भोर मागे पडलं, तेही एका शाळेमुळे. तिथली शंभर टक्के मुलं अप्रगत. दीनानाथांना जेवण गोड लागेना.

शाळा तालुक्याच्या अगदी हद्दीवरच्या वाडीत होती. पट एक. तिसरीतली शेफाली. ती वाचताना अडखळायची, म्हणून शाळा शंभर टक्के अप्रगत. (घडाघडा वाचली असती, तर हीच शाळा पहिली आली असती.)

"पोरगी हुशार हाय, सायेब," तिथले हनुमंत गुरुजी म्हणाले. "पर तिला घिऊन बसलो, की तुमची माहिती भरायची ऱ्हाती."

दीनानाथांना हे मनापासून पटलं. त्यांनी ते अभिप्रायात लिहायला घेतलं, पण तिथे फक्त 'होय' किंवा 'नाही' एवढीच सोय होती. त्यांनी 'होय' लिहिलं.

मग उपाय सुचला. ओढ्यापलीकडे वेल्हे तालुका लागतो. तिथे चौदा मुलांची शाळा. शेफालीचं नाव तिकडे घातलं, की भोरच्या शाळेत अप्रगत मुलं शून्य आणि वेल्ह्याच्या वाट्याला एक जास्त.

शेफालीची आई अंबूबाई दारातच उभी होती. "पावसाळ्यात वढ्याला कमरंइतकं पानी असतंय, सायेब. पोरीनं जायाचं कुठनं?"

दीनानाथांनी तक्ता दोनदा वरपासून खालपर्यंत पाहिला. ओढ्याचा रकाना नव्हता. त्यांना लाज वाटली. लाज वाटत असतानाच त्यांनी सही केली.

पुढच्या तक्त्यात ती शाळा हिरव्या रंगात आली. पट शून्य, अप्रगत शून्य. दीनानाथांना शाल मिळाली. गुरुजींना माहिती भरायला भरपूर वेळ मिळू लागला.

आता इतकं वाचल्यावर शेवटी पुढे कोण गेलं, भोर की वेल्हे, हे तुम्हाला कळायलाच हवं. भोर गेलं, पाऊण टक्क्यानं. शेफाली ओढ्यापासून किती दिवस माघारी फिरली, हे अजून कुणीच विचारलेलं नाही.