हातखर्चाची मोहीम, अर्थात ‘विचारून’ या शब्दाचा पाडाव

मजकूर लिहिण्यास कारण की, किल्ले पडले, तख्ते उलथली, त्यांचे वृत्तांत लिहिणारे कलमबहाद्दर उदंड झाले आणि त्यांची दफ्तरे भरून वाहिली. परंतु तिसऱ्या मजल्यावरील डाव्या हाताच्या घरात, जेवणाच्या टेबलावर, एका शब्दापायी जे रण माजले त्याची दखल कोणी घेतली नाही. त्यास्तव जे घडले ते पदरचे काही न घालता, आणि घातले असेल तर शोभेपुरतेच घालून, येथे कलमबंद केले आहे. वाचणारांनी पाठ ताठ ठेवावी. मोबाईल उपडा ठेवावा.

ते काळी त्या घराची राजव्यवस्था येणेप्रमाणे होती. घराचे धनी तीर्थरूप हे पंपांच्या कारखान्यात खरेदीखात्याचे वडील अंमलदार. वीस वर्षे नटबोल्टापासून क्रेनपर्यंत सारा ऐवज त्यांचे सहीने येत असे, आणि तीन कोटेशने हाती आल्यावाचून ते टाचणीही विकत घेत नसत, आणि तिन्हींत जे मधले तेच पसंत करीत. कारण सर्वांत स्वस्त ते मोडते आणि सर्वांत महाग ते फसवते, ऐसा त्यांचा पक्का सिद्धांत. हा दंडक घरासही लागू होता. घरातला पंखा मधला, गाद्या मधल्या, टीव्ही मधला. त्यावर मातोश्री म्हणत, “नशीब माझं, मी तीन बहिणींत मधली.”

मातोश्री पेशाने दातांच्या डॉक्टर. ‘आ करा’ म्हणताच भले भले शरण येत, आणि घरी तर त्या नुसती भुवई उचलीत आणि गुन्हेगार आपण होऊन कबुली देई. त्यांस दोन कन्या. धाकट्या टिंबूसाहेब, वय वर्षे आठ, मुत्सद्देगिरीत त्यांचा हात धरणारा कोणी नाही. आणि थोरल्या बाईसाहेब, वय पंधरा, इयत्ता नववी, तुकडी ब, ज्यांचा पराक्रम हाच या बखरीचा विषय.

तर पहिली चाचणी संपोन शनिवार उजाडला, आणि सकाळी दहा वाजता टेबलावर खलबत भरले, आणि मधोमध लॅपटॉप स्थापन झाला. मौजे थीमपार्क येथे एक दिवस, आदले रात्री जवळ मुक्काम करून, सहकुटुंब स्वारी नेण्याची मसलत पूर्वीच ठरली होती. आता खजिन्याची वाटणी व्हावयाची होती. तीर्थरूपांनी तक्ता उघडला. त्यात प्रवास, खोली, तिकिटे, जेवण, औषधे, ‘अचानक’, ‘अतिअचानक’ ऐसे रकाने होते, आणि सर्वांत तळाशी लिहिले होते: हातखर्च, मुली दोन, प्रत्येकी दोन हजार.

दोन हजार! थोरल्या बाईसाहेबांचे चित्ती नगारे झडू लागले. परंतु तक्त्यास उजव्या अंगास आणखी एक रकाना होता, शेऱ्याचा, आणि तीर्थरूपांनी माऊस सरकविला आणि तो रकाना दिसू लागला, आणि त्यात बारीक अक्षरांत एकच शब्द बसला होता.

*विचारून.*

हा शब्द दिसावयास गरीब. पण याने मागील साली केवढा अनर्थ केला तो सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. मागील साली मत्स्यालय पाहावयास स्वारी गेली तेव्हाही बाईसाहेबांचे कमरेस स्वतःचा बटवा होता, आणि बटव्यात आठशे होते, आणि त्यांवर हाच शेरा होता. त्या दिवशी बाईसाहेबांनी अकरा वेळा विचारिले. पैकी सहा वेळा उत्तर आले, “कशाला?” तीन वेळा, “घरी आहे ना तसलंच?” एकदा, “दात बघ आधी आपले.” आणि अकराव्या खेपेस तीर्थरूप फोनवर होते, त्यांनी नुसता हात हलविला. मग संध्याकाळी आठशेचे आठशे परत आले, आणि तीर्थरूप संतोषून वदले, “बघ, शिल्लक राहिले की नाही?” आणि ती शिल्लक पेट्रोलात जिरली. ज्याचे पैसे तो घरी आला मोकळा, आणि गाडी धावली त्याच्या पैशावर. ऐशी नामुष्की कोणा मांडलिकाच्याही वाट्यास न येवो.

म्हणोन बाईसाहेबांनी तेथेच टेबलावर मुठी टेकून विचारिले, “बाबा, हे दोन हजार माझे ना?”

“तुझेच गं. कोण नाही म्हणतंय?”

“मग विचारून कशाला?”

“अगं, फक्त विचारून. मी काय नाही म्हणणार आहे का?”

“मागच्या वेळी अकरा वेळा म्हणालात.”

“ते मागच्या वेळी.”

मातोश्रींनी मध्ये पडून समजूत काढली की, “विचारायला काय जातं तुझं? तोंड तर तसंही दिवसभर चालूच असतं.” आणि खलबत हसले, आणि पहिला हल्ला ऐसा हसण्यावारी मोडला गेला.

मग बाईसाहेबांनी विचार केला की एकट्या दळाने हा गड येत नाही, दोस्त पाहिजे. म्हणोन रविवारी दुपारी त्या धाकट्यांचे डेऱ्यात, म्हणजे दोन खुर्च्यांवर चादर टाकलेल्या जागी, गुडघ्यांवर रांगत गेल्या, आणि दोघींनी मिळून बंड करावे ऐसा प्रस्ताव मांडिला. टिंबूसाहेब त्या वेळी बाहुलीचे केस कापीत होत्या. त्यांनी कात्री थांबविली नाही.

“मला विचारायला आवडतं,” त्या म्हणाल्या.

“वेडी आहेस का? स्वतःचे पैसे असून?”

“ताई, मी विचारलं ना, की बाबा म्हणतात, राहू दे, मीच देतो. माझे माझ्याकडेच राहतात.” मग बाहुलीकडे पाहत म्हणाल्या, “मागच्या वेळचे साडेसातशे आहेत अजून. पन्नास मीच उडवले, चुकून.”

हे ऐकोन बाईसाहेब चादरीखालीच बसून राहिल्या. सात वर्षांनी धाकटी, आणि राज्यकारभाराचे मर्म तिने ओळखले आणि आपण अकरा वेळा भांडलो! पण आपल्याच्याने ते होणे नाही, हेही त्यांस तेथेच उमगले. गोड आवाजात मान वाकडी करून मागणे ही एक विद्या आहे, आणि ती पंधराव्या वर्षी अंगी शोभत नाही. बाईसाहेबांस फुकटचे नको होते. त्यांस आपले हवे होते.

मग दोन दिवस त्या गप्प राहिल्या. घरात एवढी शांतता पसरली की मातोश्रींनी दाढ तर दुखत नाही ना ऐसे विचारिले. आणि मंगळवारी तीर्थरूप कारखान्यातून परतून चहा घेत असता बाईसाहेब पुढे आल्या आणि त्यांनी कपाच्या शेजारी तीन कागद ठेविले. तिन्ही कागद छापील. वर तारीख, खाली सही, मध्ये मथळा: “हातखर्चाचे शर्तींबाबत कोटेशन.”

तीर्थरूपांचे डोळ्यांत जी चमक आली ती घरातल्या कोणी पूर्वी पाहिली नव्हती. कागद दिसताच हात आपोआप चष्म्याकडे गेला.

पहिले कोटेशन बाकावरच्या मैत्रिणीचे घरचे. शर्त: न विचारणे, न सांगणे, बापाचे कार्ड मुलीचे हाती. तिसरे वर्गाच्या मॉनिटरचे घरचे. शर्त: हातखर्च नाही, पाण्याची बाटली घरून. आणि दुसरे, समोरच्या इमारतीतल्या एका मुलीचे घरचे. रक्कम दोन हजार. शर्त: विचारून नव्हे, *सांगून.* घ्यावे, आणि मग सांगावे.

तीर्थरूपांनी तीनही कागद सारखे केले, एका रांगेत मांडिले, पहिला वाचला, तिसरा वाचला, मग दुसऱ्यावर बोट ठेविले, आणि बोट तेथेच राहिले. वीस वर्षांची नजर ती.

“पहिलं आणि तिसरं डमी आहे,” ते हळूच बोलिले. “मधलं पास व्हावं म्हणून लावलंय. सहीचं अक्षर एकच, फॉन्ट एकच. असली कोटेशनं मी दर महिन्याला बघतो.”

बाईसाहेबांचे पायांखालची फरशी सरकली. किल्ला हाती येता येता सुरुंग उलटला, ऐसे त्यांस वाटले. इतक्यात बेसिनपाशी हात धूत असलेल्या मातोश्री मागे न वळता म्हणाल्या, “आणि दर महिन्याला सही पण करता.”

चहावर साय धरली. मग तीर्थरूपांनी खिशातले पेन काढिले.

तह ऐसा ठरला. कलम पहिले: शेऱ्यातला ‘विचारून’ खोडून ‘सांगून’ लिहावे. कलम दुसरे: खर्च झाल्यावर त्याच दिवशी सांगितले तरी ते सांगणेच समजावे. कलम तिसरे, जे बाईसाहेबांनी हट्टाने घालून घेतले: सांगितल्यावर वडील मंडळींनी एकच शब्द उच्चारावा, तो ‘बरं’, त्यास पुढे ‘पण’ जोडू नये, सुस्कारा टाकू नये, भुवई उचलू नये. यावर मातोश्रींनी आपले चौथे कलम लिहविले: संपले की संपले. उसने नाही, उचल नाही, तोंड वेंगाडणे नाही. बाईसाहेबांनी ते न वाचताच सही ठोकली. विजयाच्या भरात चौथे कलम कोण वाचतो?

मग नियोजित दिवशी सकाळी दहाचे सुमारास स्वारी मौजे थीमपार्क येथे पावली. फाटकावर पिशव्या तपासणारांची चौकी, तीत घरची सँडविचे जप्त होता होता वाचली, आणि पुढे चहूकडे पाळणे गरगरत होते आणि माणसे वरून खाली किंचाळत येत होती आणि रांगेत उभी राहून त्याच किंचाळण्यासाठी पुन्हा पैसे मोजीत होती. तीर्थरूप व मातोश्री कारंज्यासमोरच्या बाकावर तळ देऊन राहिले. टिंबूसाहेब त्यांचे मध्ये. आणि बाईसाहेब एकट्या, बटवा आडवा लावून, मुलूखगिरीस निघाल्या.

प्रथम त्यांनी एक टोपी सर केली. त्या टोपीस दोन लांब कान, आणि खाली लोंबणारा पंजा दाबला की कान उभे राहत. किंमत साडेआठशे. कोणी ‘कशाला’ म्हटले नाही! बाईसाहेबांनी दुकानात दोनदा मागे वळून पाहिले, खरेच कोणी म्हटले नाही. मग उंच पाळण्यावरून उतरताच एका पडद्यावर त्यांची छबी झळकली, डोळे मिटलेले, तोंड दाढेपर्यंत उघडे. ती छबी पुठ्ठ्याच्या चौकटीत साडेतीनशेस घेतली. मग रिंगा फेकण्याचे रणांगण लागले. तेथे माणसाएवढे अस्वल टांगले होते. तीन रिंगांस दीडशे. बाईसाहेबांनी तीन वेळा मोर्चे लाविले, साडेचारशे खर्ची पडले, आणि रिंगवाल्याने अस्वलाऐवजी किल्ल्या अडकविण्याची एक कडी हाती देऊन बोळवण केली. मग त्या दुःखावर उतारा म्हणोन वळणावळणाच्या उंच नळकांड्यातले निळे बर्फाचे सरबत, तीनशे दहा.

तेव्हा कोठे त्यांनी बटव्यात पाहिले. आणि मनगटावर पाहिले. दुपारचे बारा वाजले होते.

आता सांगणे आले. तहात तसे होते. बाईसाहेब कान पाडलेली टोपी घालून, निळी जीभ घेऊन, कारंज्यापाशी येऊन उभ्या राहिल्या आणि बोलिल्या, “बाबा, सांगायचं होतं. एक हजार नऊशे साठ झाले.”

तीर्थरूपांचे तोंडाशी पाण्याची बाटली होती, ती तेथेच थांबली. त्यांनी टोपी पाहिली. छबी पाहिली. कडी पाहिली आणि जास्त वेळ पाहिली, कारण ती तीन कोटेशनांत पाचाला मिळाली असती. मातोश्रींची उजवी भुवई निघाली, निम्म्या कपाळापर्यंत गेली, आणि त्यांनी ती गॉगल चढवून दाबून टाकिली. तीर्थरूपांचे ओठ जुळले. ‘प’ उच्चारण्यास जुळतात तैसे जुळले. मग त्यांनी एक घोट घेतला, तो ‘प’ पाण्याबरोबर गिळला, आणि म्हणाले,

“बरं.”

परंतु टिंबूसाहेब तहात सामील नव्हत्या. “पण ताई, कानांची टोपी? तू नववीत आहेस ना? आणि कडी साडेचारशेला? आणि आता सहा वाजेपर्यंत काय करणार?” ऐसा तोफखाना त्यांनी सोडिला, आणि प्रत्येक ‘पण’ला तीर्थरूपांची मान कृतज्ञतेने डुलत होती. दम संपला तेव्हा टिंबूसाहेबांनी मान वाकडी केली. “बाबा, मी माझ्या पैशांनी आईस्क्रीम घेऊ का?”

“राहू दे, मी देतो,” तीर्थरूप उठले. मग थोरलीकडे पाहून, जपून, जणू काच उचलावी तैसे बोलिले, “तुला हवंय का?”

ऊन डोक्यावर होते. आईस्क्रीम चॉकलेटचे होते. चौथे कलम कोणी मोडीत नव्हते, बाप नुसता विचारीत होता. पण बाईसाहेबांस ठाऊक होते की येथे मान डोलली की पुढल्या साली शेऱ्याच्या रकान्यात कोणता शब्द येऊन बसेल.

“नको,” त्या म्हणाल्या. आवाज किंचित कापला. बर्फाच्या सरबताने कापला, ऐसे लिहून ठेवावे.

तीर्थरूप दोन पावले जाऊन परत वळले. “पुढच्या वेळी तक्त्यात काय लिहू मग?”

“सांगून.”

“नक्की?”

“नक्की. आणि कडी महाग पडली, मला कळलंय. तुम्ही सांगू नका.”

“बरं,” तीर्थरूप म्हणाले, आणि या खेपेस त्यांस काही गिळावे लागले नाही.

येणेप्रमाणे ‘विचारून’ याचा अंमल त्या घरातून उठला आणि ‘सांगून’ याची द्वाही फिरली. लुटीत मिळाले: टोपी एक, कान दोन, छबी एक, ओळखू न येणारी, कडी एक, किल्ली नाही. शिल्लक चाळीस. फाटक मिटण्यास अवकाश सहा तास, आणि ते सहाही तास बाईसाहेबांनी बाकाच्या टोकास बसून, कोणासही काही न मागता, पंजा दाबून कान उभे करीत काढिले. फत्ते थोरल्या बाईसाहेबांची झाली, हे दोन्ही पक्षांस मंजूर. मोर्तब असे.