एकेचाळीस नंबरची खुर्ची

तीन वाजता काकांच्या डोक्यावरचा दिवा पुन्हा विझला.

"काका, हात हलवा!" शेजारची मुलगी म्हणाली. "छताला तुम्ही दिसत नाही आहात."

काकांनी हात हलवला, दिवा लागला. या नव्या सॉफ्टवेअर लॅबमधले दिवे माणसाची हालचाल थांबली की विझत. आणि काकांनी तर तीस वर्षं एका कचेरीत न हलता काढलेली. तिथे जो हलेल त्याच्या टेबलावर फाइल येऊन पडायची. त्यामुळे शिंक आली तरी गिळायची, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलं होतं.

कचेरी बंद पडली आणि वर्षभराने ही कंपनी गावात आली. शंभर स्थानिकांना नोकऱ्या देऊ, असं तिने कबूल केलं होतं. शंभरावी काकांना लागली, खुर्ची मिळाली एकेचाळीस नंबरची. संगणकाचं उत्तर वाचायचं आणि बरोबर की चूक ते बोटाने दाबायचं. उमेदवारीची तीन महिन्यांची मुदत आज संपत होती. चार वाजता इमारत स्वतःच माणसं मोजणार होती. मोजणीत येईल तो कायम, नाही तो घरी. 'हे कायम झाले' असं काकूंनी शेजारीपाजारी आधीच सांगून टाकलं होतं.

पण इमारत काही काकांना ओळख देईना. दार उघडेना, नळाखाली हात धरला तर पाणी येईना. साडेतीनला सफाईवाल्या बाईंनी सरळ त्यांच्या मांडीवर बादली ठेवली.

"अगंबाई! तुम्ही आहात होय इथे?"

कुणाच्या तरी पाठोपाठ दारातून निसटून ते एचआरच्या मॅडमच्या केबिनमध्ये पोचले, तेव्हा चार वाजत होते.

"मॅडम, मला मोजा! हा बघा मी!" काका दोन्ही हात हलवत उड्या मारू लागले.

"अहो, पडाल! मोजणी झालीसुद्धा." मॅडमनी स्क्रीन वळवली. "शंभरच्या शंभर. खुर्ची नंबर एकेचाळीस, हजर."

"पण मी तर इथे आहे."

दोघांनी काचेतून पाहिलं. काकांच्या रिकाम्या खुर्चीवर दिवा लख्ख जळत होता. खुर्ची किंचित डुलत होती आणि समोरच्या स्क्रीनवर एकेक उत्तर तपासलं जाऊन पुढे सरकत होतं.

"कोण बसलंय तिथे?" काकांनी काचेला नाक लावलं.

मॅडमनी काचेवरचा पडदा ओढून घेतला. "काम होतंय ना? मग तुम्ही कशाला चौकशा करताय? हे घ्या, कायम झाल्याचं पत्र."

संध्याकाळी पत्र हातात धरून काका घरच्या खुर्चीत थिजल्यासारखे बसले होते. काकू आतून आल्या. त्यांनी खुर्चीकडे चांगलं निरखून पाहिलं.

"कुणी नाही आणि दिवा-पंखा चालू!" त्या पुटपुटल्या आणि दोन्ही बंद करून निघून गेल्या.

काका फार घाबरले. मी आहे, इथेच आहे, असं ओरडायला त्यांनी तोंड उघडलं, हातही वर केला.

"अहो, दारात चपला दिसतायत, आलात का?" स्वयंपाकघरातून काकूंची हाक आली. "आज सगळा माळा आवरायचाय! त्या जड ट्रंका खाली घ्यायच्यात!"

अंधारात काकांनी तोंड मिटलं आणि हात अलगद खाली घेतला.