जांगडावर आणलेली दोन कार्डं

खेवनाने दोन्ही कार्डं वर्तमानपत्रावर शेजारी शेजारी मांडली आणि शेठचा फोन आला म्हणून ती गच्चीत गेली. सगळा घोटाळा त्या दहा मिनिटांत झाला.

खेवना घरी बसून साड्या नेसवते. म्हणजे कंप्युटरमध्ये. सुरतेच्या कापडबाजारातले एक शेठ तिला नक्षीचा फोटो पाठवतात. ती साडी खेवना पडद्यावरच्या बाईला नेसवते, बाईला एक गिरकी घ्यायला लावते आणि परत पाठवते. कापड छापायच्या आधीच गिऱ्हाइकाला पदर दिसतो. मंगळवारी तिच्या कंप्युटरचं ग्राफिक्स कार्ड जळलं आणि बाई अर्ध्या गिरकीतच थिजली. सोमवारपर्यंत चाळीस साड्या द्यायच्या होत्या. नाहीतर काम दुसऱ्या कुणाला देतो, असं शेठनी अगदी गोड आवाजात सांगितलं होतं. खेवनाजवळ साठवलेले सहा हजार होते. तेवढ्यात नवं कार्ड येत नाही. जुनं, वापरलेलं येतं, आणि तेही एकच.

धनसुखभाईंच्या दुकानात अशी दोन होती. एक लहानखुरं, एका पंख्याचं, पाच हजारांचं. दुसरं धिप्पाड, दोन पंख्यांचं, दुप्पट मेमरीचं, सहा हजारांचं. कोणतं घ्यावं ते खेवनाला ठरेना. धनसुखभाई मूळचे हिऱ्याच्या धंद्यातले. त्यांनी हिरेबाजाराच्या रीतीने दोन्ही कार्डं तिला जांगडावर दिली. चिठ्ठीवर सही करायची, माल घरी नेऊन पारखायचा, पसंत पडेल तो ठेवायचा आणि नापसंत तो पाच वाजेपर्यंत जसाच्या तसा परत करायचा. या रीतीतली एक अट चिठ्ठीवर नसते, कारण सुरतेत ती लिहावी लागत नाही. मालाला चांदलो झाला, कुंकू लागलं, की माल तुमचा. पुजलेली वस्तू कुणी परत करत नाही आणि कुणी परत घेतही नाही.

तर त्या दिवशी अगियारस, म्हणजे एकादशी होती. खेवनाच्या आईचं, सरयूबेनचं, दर अगियारसला सूर्यास्तापर्यंत मौन असतं. लिहिणंही त्यांनी वर्ज्य केलेलं. हाताने बोललं तरी बोलणंच ना. त्या पूजा आटोपून बाहेर आल्या तर घरात दोन नव्या वस्तू. चांदलो केल्याशिवाय नवी वस्तू सुरू करायची नाही हा घरचा नेम. विचारायची सोय नव्हती. दोन पाहुणे आले आणि एकालाच पाट मांडला, असं कसं करायचं? सरयूबेननी दोन्ही कार्डांच्या पंख्यांच्या मधोमध कुंकवाचं बोट टेकलं, वर तांदूळ ठेवले, हात जोडले आणि त्या शांतपणे गीता वाचायला बसल्या.

खेवना खाली आली आणि दारातच उभी राहिली. मग तिने वडिलांना हाक मारली. किरीटभाई हे निवृत्त पोस्टमास्तर. त्यांनी आयुष्यभर परत आलेली पाकिटं पाहिली होती, पण परत न जाणारा माल ते पहिल्यांदाच पाहत होते.

"दोन्हीला?" त्यांनी विचारलं.

सरयूबेननी दोन बोटं दाखवली. जांगडाची गोष्ट त्यांना समजावून सांगितली, तेव्हा त्यांनी दोन्ही कानांच्या पाळ्या धरल्या. पुसू का, असं खेवनाने विचारलं. सरयूबेन जागेवरून उठल्या, देवाजवळचा ओला कापूस घेऊन आल्या आणि स्वतःच पुसायला बसल्या. कुणाचा माल आपल्या घरी अडकावा यापेक्षा कुंकू पुसण्याचा दोष आपल्या माथी येऊ दे, असा त्यांचा हिशेब असावा. लाल रंग निघाला. पंख्यांवरच्या पांढऱ्या चकत्या मात्र गुलाबी झाल्या त्या झाल्याच.

"तांदूळ किती घातले होते?" खेवनाने विचारलं.

सरयूबेननी प्रत्येक कार्डापुढे पाच बोटं धरली. लहान कार्डातून पाच दाणे निघाले. मोठ्यातून चार. पाचवा सोफ्याखाली शोधला, वर्तमानपत्राच्या घडीत शोधला. मुंगीने नेला असेल, असा निकाल किरीटभाईंनी दिला आणि पारख सुरू झाली.

एकच साडी, एकच गिरकी, दोन्ही कार्डांवर. वेळ मोजायचं काम किरीटभाईंकडे. लहान कार्डाने ती गिरकी अकरा मिनिटांत पुरी केली, कुरकुर न करता. मग मोठं लावलं. ते सुरू झाल्या झाल्या कुणीतरी डब्यात खडे हलवावेत तसा आवाज येऊ लागला. अंगाने तापलं, आणि तापलं तसं मंदावत गेलं. सतरा मिनिटं.

"दोन पंखे, पण वारा नाही," किरीटभाई म्हणाले. "आमच्या हेड पोस्टात असंच होतं. एका खिडकीला दोन माणसं बसवली की काम थांबायचं."

इतकं महाग कार्ड लहान्यापेक्षा हळू कसं, हे खेवनाला पटेना. तिने ते बाहेर काढून उलटं धरलं आणि आपटलं. पाचवा दाणा टपकन तिच्या मांडीवर पडला. एक पंखा सगळा वेळ त्याच्याशीच झगडत होता. पुन्हा लावलं, या वेळी बाई सहा मिनिटांत गर्रकन फिरली. खेवनाचा चेहरा फुलला. तिने मनातल्या मनात मोठं कार्ड ठेवून घेतलं, चाळीस साड्या रविवारीच संपवल्या, आणि दुसरी साडी लावली. बाईने पदर सावरला, मान वळवली, आणि कंप्युटर बंद पडला. तिसऱ्या साडीला तेच. चौथीलाही.

कारण लवकरच कळलं. लहान कार्ड कंप्युटरच्या आतल्या विजेवरच भागवतं. मोठ्याला वेगळी वायर लागते, आणि कंप्युटरला वीज पुरवणारी पेटी इतकी जुनी होती की मोठं कार्ड जोर लावू लागलं की तिचा श्वास संपायचा. नवी पेटी घ्यायची तर आणखी तीन हजार.

"म्हणजे सून चांगली आहे, पण घर लहान आहे," किरीटभाई म्हणाले.

साडेचार वाजले होते. लहान कार्ड ठेवायचं ठरलं. मोठं परत जायचं होतं, गुलाबी चकत्यांसकट. भराभर हातात द्यायचं आणि निघायचं, असं किरीटभाईंनी सुचवलं. पण सरयूबेन आधीच चपला घालून दारात उभ्या होत्या. त्या सोबत असल्या की किरीटभाईंना कुणाला फसवणं जमत नाही.

दुकानात पिवळ्या शर्टातलं एक गिऱ्हाईक बसलं होतं. धनसुखभाईंनी कार्ड घेतलं, सवयीने हिऱ्याचं भिंग डोळ्याला लावलं आणि ते थांबले.

"चांदलो झालाय."

"मम्मीने केला, काका," खेवना म्हणाली. "तिला ठाऊक नव्हतं. आम्ही पुसला."

"पुसला?" धनसुखभाईंनी भिंग खाली ठेवलं. "अगं, पुसला कशाला? घोळ केलास, बेटा."

चिठ्ठी त्यांच्या समोरच होती, खेवनाच्या सहीची. पण धनसुखभाई वेगळंच सांगू लागले. जुन्या कार्डांत अर्धी अशी असतात: कुणीतरी गोदामात शंभर-शंभर एकदम जुंपून, बिटकॉइनसारखी कंप्युटरी नाणी मिळवायला वर्षभर रात्रंदिवस पळवलेली. दमली की ती बाजारात येतात आणि महिन्याभरात मरतात. गिऱ्हाइकाला ओळखता येत नाही. पण गोदामात कार्डाला कुंकू कोण लावतं?

"चांदल्याचं कार्ड म्हणजे घरात राहिलेलं कार्ड. पाचशे जास्त येतात," ते हळूच म्हणाले. त्यांनी दुकानातल्या देवापुढची कुंकवाची वाटी उचलून सरयूबेनसमोर ठेवली आणि शेजारी कार्ड. मग कपाटातून आणखी तीन कार्डं काढून तीही ओळीने मांडली. "बेन, तुमच्या हाताने. मी चिठ्ठी आत्ता फाडतो."

किरीटभाई छताकडे पाहू लागले. खेवना आईकडे. ते मोठं कार्ड आधी कुठे राबत होतं हे कुणालाच माहीत नव्हतं. यांच्या घरात ते जेमतेम एक दिवस होतं.

सरयूबेननी वाटीत बोट बुडवलं. कार्डांच्या ओळीवरून हात पुढे नेला आणि धनसुखभाईंच्या कपाळाला ठसठशीत चांदलो लावला. मग हात जोडले.

धनसुखभाईंनी काउंटरच्या काचेत स्वतःला पाहिलं. पुजलेल्या माणसाला खोटं बोलायची सोय नव्हती. मग तीन कार्डं उचलून कपाटात ठेवली, आणि पिवळ्या शर्टाकडे वळून, घसा साफ करून म्हणाले, "भाई, तुम्ही दोन पंख्यांचं विचारत होता. हे आहे. घरातलं की गोदामातलं, मला सांगता येणार नाही. चालतं जोरात, पण पेटी दणकट लागते. जांगडावर न्या, दोन दिवस चालवा, मग बोला."

गिऱ्हाइकाने कार्डाकडे पाहिलंच नाही. धनसुखभाईंच्या कपाळाकडे पाहिलं, आणि खिशातून सहा हजार काढून काउंटरवर ठेवले.

"चिठ्ठी नको," तो म्हणाला. "इतकं खरं सांगणारा माणूस या बाजारात मला आजच भेटला."

धनसुखभाईंनी खेवनाची चिठ्ठी फाडली, लहान कार्डाचे पाच हजार घेतले आणि सरयूबेनकडे न पाहताच पोराला तीन चहा सांगितले. मग आठवण होऊन दोनच केले, आणि अगियारसवाल्या बेनसाठी दूध.