पंचवीस पट्ट्या, बाराशे आवाज

दाताच्या डॉक्टरनं शिवमूर्तीअप्पांना सांगितलं, "दोन दात काढावे लागतील." अप्पा खुर्चीत आडवे, तोंडावर दिवा, जिभेखाली नळी. ती नळी बाजूला सारून त्यांनी विचारलं, "दोनावर एखादा संगं हाय का?"

डॉक्टर तरुण, दवाखाना नवा, आलेलं माणूस परत धाडायची हिंमत नाही. त्यानं तिसरा काढला. तिसरा दात ठणठणीत होता. अप्पांनी तो रुमालात बांधून आणला आणि आठवडाभर मला दाखवला. "ह्यो बघा सर, फुकटातला." आता हा तिसरा दात मी पदरचा घातला असं कुणी म्हणेल. म्हणू द्या. अप्पांना ओळखणारा म्हणणार नाही.

अप्पांचं भांड्यांचं दुकान आणि माझा स्टुडिओ यांच्यामध्ये एकच भिंत. स्टुडिओ म्हणजे दहा बाय दहाची खोली, भिंतींना अंड्यांचे ट्रे, एक माइक, एक कॉम्प्युटर. लातुरात कोचिंगचं पीक जोमात आलं, त्या पिकावर बसलेलं मी एक पाखरू. रिक्षावरचा भोंगा "प्रवेश सुरू! प्रवेश सुरू!" असा ओरडत गल्लोगल्ली फिरतो ना, तो गळा माझा. पाठीमागं वाजणारं करुण संगीतही माझंच. मी कधी कुणाला शिकवलं नाही, पण लातुरात मला सगळे सर म्हणतात. इथं चौकात "ओ सर" अशी हाक मारली तर वाहतूक थांबते.

अप्पा भूकंपाच्या साली लातूरला आले. आले म्हणजे काय, राहिले. त्यांचं गाव औशाच्या पलीकडं, आता त्याच नावाचं गाव दुसऱ्या जागेवर आहे. त्या दिवसांबद्दल अप्पा एवढंच सांगतात: "ट्रक यायचे सर. ब्लँकेटासंगं बादली, बादलीसंगं मग, मगासंगं फोटोवाला. एका ट्रकानं तर टाय वाटले. निळे टाय! मी चार घेतले. संगं मिळायले तर कशाला सोडायचं?" आमच्या दुकानामागं अजून त्या टायांनी शेळी बांधतात.

तेव्हापासून अप्पांच्या ओठावर एकच प्रश्न. साबण घेतला, संगं काय? पोरगी बघायला गेले, "पोरगी झ्याक हाय, संगं काय शिकलीय?" पुतण्याला कोचिंगला घालताना ते चार क्लासेस हिंडले आणि जिथं बॅगेसंगं रेनकोट, रेनकोटासंगं पाण्याची बाटली आणि बाटलीसंगं आईला साडी होती, तिथं घातलं. फिजिक्स कोण शिकवतं हे त्यांनी विचारलं नाही. तसं ते लातुरात कुणीच विचारत नाही.

हे सगळं संगंचं घबाड ठेवायला दुकानात एक लोखंडी कपाट आहे. टूथपेस्टसंगंचे ब्रश, तेलासंगंचे कंगवे, वरच्या कप्प्यात तो दात. आणि त्याच कप्प्यात कोपऱ्यात, दोऱ्यानं बांधलेली, पिवळी पडलेली एक कागदाची पुडी. मी एकदा विचारलं, "हे कशासंगं आलं, अप्पा?"

"ते संगं आलेलं न्हाई. ते राहिलेलं हाय," म्हणून त्यांनी कपाट लावलं.

तर एके दिवशी माझ्याकडं कुरिअरनं एक खोकं आलं. आत बोटभर उंचीचा, हातभर लांबीचा कीबोर्ड, पंचवीस पट्ट्यांचा. खोकं फोडायच्या आधी अप्पा भिंतीपलीकडून हजर.

"संगं काय आलंय?"

"सॉफ्टवेअर, अप्पा."

"म्हंजे?"

"आवाज. बासरी, सतार, व्हायोलिन, सगळे. बाराशे आवाज."

अप्पा खाली बसले. खुर्ची नव्हती तिथं, तरी बसले. "बाराशे! फुकट?" मग जरा थांबून, हळूच, "त्यात पेटी हाय का?"

"असंल की."

"मला बी पाहिजे."

मी म्हणालो, मोबाइलवरून मागवतो. अप्पा म्हणाले, मोबाइलला 'संगं काय' विचारता येत नाही, समोर माणूस पाहिजे. म्हणून आम्ही दोघं एस.टी.नं नांदेडला गेलो, एका वाद्यांच्या दुकानात. दुकानदार गोड बोलणारा.

"ये लो चाचा, पच्चीस पट्टी का. छोटा है, थैली में बैठ जाता."

"संगं काय?"

"सॉफ्टवेअर है. बारा सौ आवाजां. गिटार है, शहनाई है, समंदर है, चिड़ियां है..."

"पेटी हाय का?"

"है नं चाचा. हार्मोनियम, तबला, ढोलक..."

"मी निस्ती पेटी इचारली."

"है बोला नं!"

आणि अप्पांनी पैसे दिले. बॅटरी मागितली नाही, कव्हर मागितलं नाही, कापडी पिशवीसुद्धा मागितली नाही. पुढं दुकानदारच घाबरून म्हणाला, "चाचा, की-चेन तो ले लो." तिथंच माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. पण माझं लक्ष समोरच्या गाड्यावरच्या जिलेबीकडं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा तो कीबोर्ड काखेत मारून स्टुडिओत. चेहरा असा की घरात काही तरी अशुभ घडलंय.

"सर, मुका हाय."

"म्हणजे?"

"रातभर चार्जिंगला लावला. सकाळी आंघोळ करून, विभूती लावून बसलो. सगळ्या पट्ट्या दाबल्या. टकटक वाजतंय फक्त. टाइपरायटर दिला त्या भल्या माणसानं!"

मी समजावलं. अप्पा, यात आवाज नसतोच. ह्या नुसत्या पट्ट्या. आवाज कॉम्प्युटरात. इथं दाबलं की तिथं वाजतं.

अप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "म्हंजे मी बटनं इकत घेतली, आन् आवाज फुकट?"

"हाव."

"उलटं हाय की सर! आवाजाचे पैसे घ्यावेत, बटनं फुकट द्यावीत. ही कंपनी कोचिंगवाल्याची दिसायली. तिथं बी इमारतीचे पैसे घेतेत आन् शिक्षण संगं."

मग आवाज उतरवून घ्यायचं काम. खोक्यात कार्ड, कार्डावर सोळा आकड्यांचा नंबर, तो कंपनीच्या साइटवर टाकायचा. त्याआधी ईमेल. ईमेल नव्हता, काढला. जन्मतारीख विचारली, अप्पांनी "पोळ्याच्या आसपास" सांगितलं. आवडतं संगीत विचारलं, अप्पा म्हणाले, "लिहा, सोमवारचं."

आणि फाइल एवढी अवजड की लातूरच्या नेटला उचलेना. इथं प्रत्येक घराच्या वर हॉस्टेल, प्रत्येक हॉस्टेलात पन्नास भावी डॉक्टर, आणि सगळ्यांचं बायोलॉजी मोबाइलवर. नेट मोकळं मिळतं एकदाच. रविवारी दुपारी टेस्ट असते तेव्हा. तीन तास शहर श्वास रोखून बसतं आणि तेवढ्यात माझ्यासारख्यांनी काय ते ओढून घ्यायचं. आम्ही तीन रविवार ओढलं. तिसऱ्या रविवारी पेपर सोपा निघाला, पोरं लवकर सुटली, आणि आमचं गाडं अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर रुतलं. अप्पा जिन्यात उभे राहून परतणाऱ्या पोरांना म्हणत होते, "अरे, एकदा तपासून तरी बघायचा पेपर!"

चौथ्या रविवारी उतरलं.

मी म्हणालो, "चला, पेटी लावतो."

"न्हाई," अप्पा म्हणाले. "रांगेनं. बाराशे म्हणलेत, बाराशे मोजून घेऊ. कंपनी ती कंपनी."

आणि सुरू झाला माझा वनवास. रोज दुपारी दोन ते चार, दुकानाचं शटर अर्धं ओढून अप्पा स्टुडिओत. एक आवाज लावायचा, अप्पा एका बोटानं तीच एक ओळ वाजवणार, सात-आठ सुरांची, दर वेळी तीच. मग वहीत शेरा. 'काचेचं स्वप्न' नावाचा आवाज लागला. अप्पा म्हणाले, "भांड्याच्या गोदामात मांजर शिरलंय." 'उत्तरेचा वारा' लागला. "ह्यो तर आमच्या गल्लीतला कुकर. शिट्टी व्हायला आलाय." 'आक्रमक सिंह' लागला आणि मागची शेळी निळ्या टायसकट पळून गेली. ती दोन दिवसांनी चाकूरला सापडली.

मध्येच काही आवाजांवर कुलूप निघालं. पूर्ण आवृत्ती विकत घ्या म्हणे. अप्पांना राग आला नाही, उलट कौतुक वाटलं. "बघा, डेमो लेक्चर! दारात फुकट, माडीवर पैसे."

ऐन प्रवेशाचा हंगाम. एका क्लासचे मालक रोज फोन करत होते. त्यांना अशी धून हवी होती की बापानं रिक्षातच रडायला लागावं आणि अश्रू पुसता पुसता फॉर्म भरावा. आणि मी इकडं बेडकाचे सोळा प्रकार ऐकत बसलेला. म्हणालो, "अप्पा, पेटी सहाशे चाळीसावर आहे. एका क्लिकचं काम. लावू?"

"रांग मोडायची न्हाई," ते म्हणाले. पण ते शब्द घाईनं आले, आणि माउसवरचा माझा हात त्यांनी बाजूला सारला. मी पहिल्यांदा जरा नीट बघितलं. हा माणूस मोजत नव्हता. हा लांबवत होता.

शेवटी सहाशे चाळीस आला. मी लावला. अप्पांनी धोतराला हात पुसले आणि तीच ओळ वाजवली. पेटी सुरेख वाजली. भरदार, गोल, कुठं खोट नाही.

अप्पांनी बोट उचललं. "लई चांगला हाय."

"मग झालं की!"

"लई चांगला हाय," ते पुन्हा म्हणाले आणि वही मिटली. "जाऊ द्या सर. बंद करा."

मी वही ओढून घेतली. अप्पांच्या समोरच. सहाशे एकोणचाळीस ओळींना एकच शेरा होता. न्हाई. न्हाई. न्हाई. बासरीपुढं न्हाई, सिंहापुढं न्हाई. तोंडानं विनोद चालले होते आणि हातानं हे चाललं होतं.

"अप्पा, तुम्ही काय शोधायलाव?"

अप्पा उठले. मला वाटलं गेले. ते भिंतीपलीकडून कपाटातली ती पुडी घेऊन आले आणि माझ्या टेबलावर सोडली. आत पितळेची एक पट्टी. पेटीची रीड, कोरी करकरीत.

"अक्काची पेटी होती," अप्पा म्हणाले. अक्का म्हणजे त्यांची मोठी बहीण. आई गेल्यावर तिनंच त्यांना वाढवलं. "सोमवारी मठात वाजवायची. तिसरी काळी पट्टी बिघडलेली. आधी वारा जायचा, मागनं सूर, तो बी उतरलेला. ती म्हणायची, शिवू, लातूरला जाशील तवा एक रीड आण. दोन वर्षं आज आणतो, उद्या आणतो. शेवटी गणपती बुडवायच्या दिवशी आलो. रीड घेतली. मिरवणूक बघावी म्हणून इथंच मुक्काम केला."

पुढचं लातूरमध्ये कुणाला सांगावं लागत नाही. पहाट व्हायच्या आत जमीन हलली, आणि गावात जायला सकाळी रस्ता उरला नव्हता.

मी काही तरी बोलायचं म्हणून बोललो. "पण अप्पा, पेटीच हवी तर दुकानात इतक्या..."

"सगळ्या बघितल्या. लातूर, उदगीर, नांदेड. माहूरला गेलो, तिथं बी बघितल्या. सगळ्या नीट हायत."

सगळ्या नीट आहेत. ही तक्रार मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होतो.

त्या बाराशे आवाजांच्या गठ्ठ्यात एक सोय अशी की कुठलीही एक पट्टी वेगळी काढून तिचा सूर चढवता-उतरवता येतो. वर आपला आवाज चिकटवता येतो. आजवर मी ती सोय मालकांचे बेसूर गळे सुरात आणायला वापरली होती. त्या दुपारी उलटं काम केलं. तिसरी काळी घेतली आणि उतरवली.

"अजून," अप्पा म्हणाले. "अजून थोडी. बास. आता वारा."

वारा कुठून आणू? अप्पा माइकपुढं आले, गाल फुगवले आणि दातांच्या फटीतून फुंकर सोडली. फुस्स. त्या फटीत एके काळी तो तिसरा दात होता. डॉक्टरचे उपकार म्हणायचे. फुंकर आधी, सूर मागून, असं मी जोडून दिलं. फोन वाजत होता, क्लासचे मालक होते. वाजू दिला.

"वाजवा."

अप्पांनी ओळ धरली. पहिले तीन सूर गोल, स्वच्छ. चौथ्याला बोट तिसऱ्या काळीवर आलं आणि पेटी फुसफुसली, लंगडली. तिथं अप्पांनी डोळे मिटले आणि त्या एका सुरापुरता स्वतःचा गळा लावला. जाडाभरडा, पण बरोब्बर जागेवर. पुढचे सूर पेटीनं वाजवले. फिरून ओळ आली, फिरून त्याच जागी गळा.

"तिथं अक्का गायची, सर," डोळे न उघडता ते म्हणाले. "पट्टी बिघडली म्हणून तेवढा सूर ती तोंडानं भरायची. पट्टी नीट वाजली तर अक्का कशाला गाईल?"

चार वाजून गेले होते. बाहेर कुणी तरी अर्ध्या शटरवर थाप मारत होतं, डबा हवा होता. जाताना अप्पांनी रीड परत पुडीत बांधली, कीबोर्ड काखेत घेतला आणि दारात थांबले.

"उरलेले पाचशे साठ ठेवा तुमच्याकडं," ते म्हणाले. "तुम्हाला संगं."