साक्षगंधाच्या फोटोतले केस

"साक्षगंधाच्या फोटोत टोपी नाई राह्यणार," असं राजदीपने साखरपुड्याआधी आईला छातीठोक सांगितलं आणि आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला.

राजदीप बत्तीस वर्षांचा, आरमोरीला सरकारी कचेरीत कॉम्प्युटरवर बसणारा. एटापल्लीकडच्या आश्रमशाळेत शिकवणारी रिना त्याला इतकी आवडली होती, की तिच्याशी व्हिडिओ कॉलवर बोलताना तो घरातही टोपी घालायचा. आधीच्या दोन मुलींनी नकार दिला तो टकलामुळेच, हे त्याचं त्यानेच ठरवलेलं.

रिनाच्या घरच्यांनी मात्र एकच गोष्ट आधीच उघड सांगितली होती. मुलगी सिकलसेलची वाहक आहे. तिला स्वतःला त्रास नाही, पण नवराही वाहक निघाला तर लेकरांना तो आजार होऊ शकतो. त्यांच्यात पत्रिका कोणी विचारत नाही, रक्त विचारतात. "आमच्या घरी कोणाले तसं काई नाई," असं राजदीपची आई कांताबाई म्हणाली आणि सगळ्यांनी मानलं.

साक्षगंधाला पंधरा दिवस उरले तेव्हा गडी गुपचूप चंद्रपूरला त्वचेच्या डॉक्टरकडे गेला. हातातून रक्त काढायचं, मशीनमध्ये फिरवायचं आणि त्यातलं पिवळं पाणी सुईने डोक्यात टोचायचं! डॉक्टरने नीट समजावलं. दोन-तीन दिवस कपाळ सुजेल, डोकं दुखेल, आपल्या मनाने दुखण्याची गोळी घ्यायची नाही, उन्हात फिरायचं नाही. आधी थोडे केस गळतीलही, आणि फरक पडलाच तर दिसायला तीन-चार महिने लागतील. राजदीपला ऐकू आलं ते एवढंच, की पंधरा दिवसांत केस येतील. हे डॉक्टर बोललाच नव्हता.

रक्त काढणं चालू असताना पडदा सरकला. बायकोच्या खाजेचं औषध घ्यायला आलेले रिनाचे काका देवराव समोर उभे!

"जवाईबापू, रक्त काऊन देऊन राह्यले?"

"असंच, काकाजी."

आता रक्त काय कोणी असंच देतं? या जिल्ह्यांत असं म्हणणारा माणूस एकच गोष्ट, सिकलसेल, लपवत असतो, हे देवरावांना पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी कपाळाची सूज डोळ्यांवर उतरली. देवरावांनी फोन केला तो कांताबाईने उचलला. केसांच्या इलाजाचं पोराने तिला काहीच सांगितलं नव्हतं, म्हणून दिसलं ते तिने सांगितलं. दुखते म्हणून कण्हतो, डॉक्टरने गोळी मना केली, उन्हात निघत नाही, डोळे सुजलेत. बिचारी एक शब्द खोटा बोलली नाही, आणि देवरावांनी त्यातला एकही वाया जाऊ दिला नाही.

संध्याकाळी रिनाचा फोन आला. "खरं सांगा. मी रागावणार नाई."

तेव्हा तरी तोंड उघडायचं! पण हात डोक्यावर गेला, बोटांत चार केस आले आणि लाज वाटली. "माझं रक्त एकदम साफ आहे," तो म्हणाला. "तपासून कागदच आणतो."

सकाळी सुजलेल्या डोळ्यांनी, नवरदेवाच्या तोऱ्यात तो सरकारी दवाखान्यात गेला. आठ दिवसांनी कागद आला. राजदीप वाहक होता.

कांताबाई दोन दिवस जेवली नाही. ती खोटं बोलली नव्हती. तिच्या घरी कोणी कधी तपासलंच नव्हतं.

राजदीपने रिनाला फोन करून सगळं सांगितलं, केसांसकट.

"केसाचं तर आमच्या घरी कोणी बोललंच नवतं," ती म्हणाली. "टोपी पाहून मले वाटे, तुमाले थंडी लागते."

मग ती रडली, आणि तोही रडला. साक्षगंध मोडलं. बरं झालं वेळेवर समजलं, असं जो तो म्हणायचा. ते खरंच होतं, म्हणून तर राजदीपची जास्त चिडचिड व्हायची. पुढची दोन इंजेक्शनं त्याने निव्वळ रागाने घेतली. चौथ्या महिन्यात केस आले, चांगले दाट आले.

त्याच महिन्यात रिनाच्या लग्नाचं निमंत्रण आलं. राजदीप गेला. नवरदेवाच्या रक्ताचा कागद स्वच्छ होता आणि डोकंही स्वच्छ होतं, नावाला केस नाही. रिना त्याच्या शेजारी उभी राहून फोटोसाठी मनापासून हसत होती.

देवरावांनी राजदीपला बाजूला घेतलं आणि त्याच्या डोक्याकडे पाहतच राहिले.

"राजदीप, आमच्या जवायाले त्या डॉक्टरचा पत्ता दे ना. काय काय होते रे त्याच्यात?"

राजदीपने पत्ता लिहून दिला.

"काई नाई काकाजी, दोन-तीन दिवस कपाळ सुजते," तो म्हणाला आणि पंगतीत जाऊन बसला.